महाराजांवर सोडलं म्हणजे काय?

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आमच्या घरी गुरुचरित्राच्या सप्ताहाची तयारी सुरू होते. चौरंग पुसून ठेवायचा, पोथीचं वस्त्र धुवायचं, सोवळ्याचं बघायचं. ३४ वर्षं हा नेम चालू आहे. यंदा पारायणाला बसण्याआधी मनातली एक गोष्ट भाविक मंडळींपुढे ठेवावीशी वाटली. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. वय ७४ झालं, आणि या वयात एक चूक कबूल केली तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल, एवढाच हेतू.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. नृसिंहवाडी हाकेच्या अंतरावर. त्यामुळे "महाराजांची इच्छा" हे शब्द लहानपणापासून तोंडात बसलेले. नोकरी लागली, महाराजांची इच्छा. बढती हुकली, महाराजांची इच्छा. पुढे पुढे तर अशी सवय लागली की एखादा अवघड निर्णय समोर आला की मी डोळे मिटायचो आणि म्हणायचो, "महाराज बघतील." लोक म्हणायचे, केवढी श्रद्धा! मलाही तसंच वाटायचं.

आबा १९९८ साली गेले. मागे तीन एकर ऊसाची जमीन, मी आणि माझी थोरली बहीण, अक्का. आई आधीच गेलेली. वर्षभरानं चार जाणत्या माणसांनी सांगितलं, बहिणीचं हक्कसोडपत्र करून घ्या, रीतच आहे. अक्का आली, कागदावर सही केली, साडीचोळी घेतली आणि संध्याकाळच्या एसटीनं सासरी गेली. तिला मनापासून काय वाटतं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

पाच-सहा वर्षांनी दाजी आजारी पडले. अक्का दोन दिवस माहेरी येऊन राहिली. काहीतरी बोलायला आली होती, हे मला दिसत होतं. स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा ती नुसती गप्प उभी होती. मी म्हटलं, "अक्का, काळजी करू नको, महाराज बघतील." आणि तिच्या हातात अंगाऱ्याची पुडी ठेवली. त्या दिवशी माझ्या खात्यात उसाच्या बिलाचे पैसे होते. पुढच्या वेळी ती आली, तेव्हा हातातल्या पाटल्या नव्हत्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. आमच्या घरात कमरेइतकं पाणी. पूर ओसरल्यावर ट्रंकेतले भिजलेले कागद आम्ही बाजेवर वाळत घातले. त्यात ते हक्कसोडपत्र निघालं. शाई पसरली होती, पण अक्काची सही वाचता येत होती. आमच्या सौ. तो कागद बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले. तुम्हाला त्यातला नेमका अजगरच बरा सापडला!"

मंडळी, मला राग आला. पण बोलणं खरं होतं.

भागवताच्या अकराव्या स्कंधातली ती कथा आपल्याला ठाऊक आहे. यदुराजानं एका तेजस्वी अवधूताला विचारलं, काहीही न करता तू इतका आनंदात कसा? अवधूतानं पृथ्वी, वायू, आकाशापासून कोळी आणि कुंभारमाशीपर्यंत चोवीस गुरू सांगितले. हा अवधूत म्हणजेच दत्तात्रेय, अशी आपली परंपरा. नाथमहाराजांनी याच स्कंधावर मराठीत एवढं मोठं भागवत लिहिलं. अजगराकडून अवधूत शिकला की मिळेल त्यात समाधान मानावं, हावरेपणानं धावू नये. मी मात्र त्याचा अर्थ असा लावला, की जागचं हलूच नये! शिवाय मला आयतं मिळालेलं होतं ते दुसऱ्याच्या वाट्याचं. अजगर तसं करत नाही.

पुन्हा ती कथा वाचायला घेतली आणि इतकी वर्षं नजरेआड झालेली गोष्ट दिसली. अवधूत सांगतो की हे गुरू मी माझ्या बुद्धीनं केले. कुणी त्याला नेमून दिलेले नव्हते. हरीण, मासा, पिंगला वेश्या, बाण करणारा कारागीर. यांच्याकडून काय घ्यायचं आणि काय टाकायचं, हे त्यानं स्वतः ठरवलं. आपलं दैवतच जर असं डोळे उघडे ठेवून निवड करणारं, तर आपण डोळे मिटून त्याच्यावर भार टाकायचा, ही भक्ती कसली?

मग शरणागतीचं काय? हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. उत्तर मिळालं वाडीतच. पूर चढला की पाणी गाभाऱ्यात येतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात आपण स्नान करतो, कुणी नदीला अडवत नाही. पण पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवतात. तेव्हा कुणी पुजारी म्हणत नाही की देव स्वतःचं बघेल. पादुका पाण्याखाली जाऊ द्यायच्या, आणि मूर्ती आपल्या हातांनी उचलायची. जे आपल्या हातात नाही ते महाराजांवर. जे हातात आहे ते आपल्यावर. मी उलटं केलं होतं. पाऊस, पीक, दुखणं यांची रात्रंदिवस काळजी करायचो, आणि बहिणीचा हिस्सा महाराजांवर सोडला होता.

त्या दिवाळीनंतर अक्काकडे गेलो. मुलाला आधी सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, कागद झालाय, आता कशाला उकरताय?" मी त्याचं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "हे माझ्या हातून झालंय, माझ्याच हातून निस्तरू दे." अक्कापुढे बसलो आणि सगळं बोललो. स्टँडवरचंही. ती म्हणाली, "विचार करून सांगते." दोन महिने फोन नाही. ते दोन महिने कसे गेले, माझं मला माहीत. मग एके सकाळी तिचा फोन, "बाळू, विहिरीकडचा एक एकर दे. पण बहिणीला बक्षीस दिलं असं गावात मिरवू नको. माझं मला दिलं, असं सांग."

कायद्याच्या रीतीनं त्या कागदाचं नाव बक्षीसपत्रच पडलं. सही करताना त्या शब्दावर माझा हात अडखळला. म्हणून आज इथं लिहितो, ते बक्षीस नव्हतं. मुलीलाही वडिलांच्या वाट्यात हिस्सा आहे, हे १९५६ च्या कायद्यापासूनचं आहे. ते मला तेव्हाही माहीत होतं. आणि एका एकरानं पाटल्या परत येत नाहीत, हेही माहीत आहे.

तेव्हापासून चार गोष्टी स्वतःपुरत्या ठरवल्या आहेत.

"महाराजांची इच्छा" म्हणण्याआधी स्वतःला विचारतो, यात सोय कुणाची आहे? माझीच असेल तर ते शब्द गिळतो.

ज्याच्या आयुष्याचा निर्णय, त्याला आधी विचारतो. मुलगा, सून, नातवंडं, सौ. सुद्धा. जसं मला माझं ठरवायचं आहे, तसं त्यांनाही.

रोज पहाटे अर्धा तास एकटा बसतो, फोन बाजूला ठेवून. कांडण करताना आवाज नको म्हणून त्या कुमारिकेनं हातात एकेकच कांकण ठेवलं, ते यासाठी आठवतं. गोतावळ्याच्या किणकिणाटात आपला आतला आवाज ऐकू येत नाही.

आणि द्यायचं ते जिवंतपणी, आपल्या हातानं. माशांनी साठवलेला मध शेवटी मध काढणाराच नेतो, हाही अवधूताच्या गुरूंतलाच एक धडा.

अक्का आता ७८ वर्षांची आहे. गेल्या गुळवणीला तिच्या एकरातल्या उसाची काकवी तिनं आमच्याकडे पाठवली. बरणीवर चिठ्ठी होती, "माझ्या रानातली." मी ती चिठ्ठी पोथीत ठेवली आहे. सप्ताहात पोथी उघडली की आधी ती दिसते, आणि मग वाचायला बसतो.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!