पाहण्याचा लोभ

सुटीचे दिवस जवळ आले की आपल्या बडोद्यातील कुटुंबे तीर्थयात्रेप्रमाणेच अरण्ययात्रेसही निघतात. कोणी गीरला सिंह पाहावयास जातात, कोणी ताडोबाला वाघ. ज्यांची मुले परदेशी आहेत असे काहीजण केनियापर्यंतही जाऊन येतात. यात गैर काही नाही. परंतु एक प्रश्न आपण स्वतःस अवश्य विचारावा : आपण प्राण्यास मारीत नाही, केवळ पाहतो, एवढ्याने निर्दोष ठरतो काय?

बडोद्यास हा प्रश्न नवा नव्हे. खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत (१८५६-१८७०) येथे हत्तींच्या झुंजी व साठमारी होत असत. हत्तीस डिवचून चवताळविले जाई आणि नगरजन ते कौतुकाने पाहत. त्या प्रेक्षकांनी हत्तीस बोटही लावले नव्हते. तथापि प्रेक्षकच नसते, तर तो खेळ मांडला गेला असता काय?

ते दिवस गेले, असे समजून आपण निश्चिंत राहू नये. ३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरनजीकच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पाच बछड्यांसह निघालेल्या वाघिणीची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडविली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. चालक व मार्गदर्शक यांवर कारवाई झाली. गीरमध्ये २०१८ साली सिंहिणीस कोंबडीचे आमिष दाखविल्याचे उघडकीस आले, त्या प्रकरणी शिक्षा झालेल्यांत पर्यटकही होते. चालकाचा दोष आहेच. परंतु गाडी पुढे दामटण्याचा मोह त्यास कोणासाठी होतो? ‘आणखी थोडे जवळ घ्या’ असे म्हणणारे आणि बक्षिसाची आशा लावणारे आपणच असतो. सिंह दिसला नाही म्हणून गरीब मार्गदर्शकावर आम्हीही रागावलो आहोत, हे येथे कबूल केले पाहिजे.

गाड्यांच्या गर्दीने प्राण्याचे काय बिघडते, असे कोणी विचारील. आफ्रिकेतील मसाई मारा येथील चित्त्यांविषयी २०१८ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन याचे उत्तर देते. जेथे पर्यटकांची वर्दळ कमी, तेथे मादीच्या एका विणीतील सरासरी दोनांहून अधिक पिल्ले जगून स्वतंत्र झाली. जेथे वर्दळ फार, तेथे ही सरासरी एकाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतही पोचली नाही. चित्ता दिवसा शिकार करतो. भोवती गाड्या जमल्या की शिकार हुकण्याचा संभव वाढतो, आणि आईची शिकार हुकली की पिल्ले उपाशी राहतात.

यावर अरण्यात जाऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. पर्यटनावर रानालगतच्या अनेक गावकऱ्यांचे पोट चालते; प्राणी जिवंत राहण्यात त्यांचे हित गुंतते, हाही मोठा लाभ आहे. प्रश्न जाण्याचा नसून वृत्तीचा आहे. मध्यान्ही मंदिराचे दार बंद झाले तर आपण ते ठोठावीत नाही. बाहेर थांबतो, नाहीतर कळसास हात जोडून परततो. दर्शन हे मागून घ्यावयाचे नसते, इतके आपणांस येथे कळते. मग रानातच पैसे भरल्याचा हक्क का आठवावा?

श्रीदत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंत पतंगही आहे. रूपाच्या लोभाने तो स्वतः ज्योतीत जळतो. येथे मात्र लोभ आपल्या डोळ्यांचा आणि नाश दुसऱ्याच्या पिल्लांचा, असा उलटा न्याय होतो.

म्हणून सभासद बंधुभगिनींस विनंती की, गाडीत बसतानाच चालकास सांगावे : ‘दुरूनच दाखवा, काही दिसले नाही तरी तुमचे बक्षीस ठरलेलेच आहे.’ साखळीने बांधलेल्या प्राण्याजवळ छायाचित्र काढवून घेऊ नये, पिंजऱ्यातील छाव्यास कुरवाळण्यासाठी पैसे देऊ नयेत. मुलांनी ‘वाघ का दिसला नाही?’ असे विचारले, तर रान त्याचे आहे आणि आपण तेथे पाहुणे आहोत, हे त्यांस समजावून सांगावे.