वस्तरा ही अमानत आहे

ऊसतोडीचा हंगाम संपवून माणसे गावाकडे परतू लागली होती, त्या दिवसांतील ही गोष्ट. लिंबागणेश येथील एक तरुण मगरिबच्या नमाजनंतर मशिदीत माझ्यासाठी थांबला. बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांप्रमाणे त्याचे आईवडीलही दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. आपल्या हाती कोयता येऊ नये म्हणून या मुलाने बीडमध्ये राहून केशकर्तनाचे व्यवसाय-प्रशिक्षण पूर्ण केले होते आणि प्रमाणपत्र मिळवले होते. त्याचे दोन प्रश्न होते. "मौलाना, या कामाची कमाई हलाल आहे ना?" हा पहिला. दुसरा त्याने मान खाली घालून विचारला, "आणि हलाल असेल, तर मग माझं लग्न का मोडलं?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, कारण त्या बोलणीत मध्यस्थ मीच होतो. घराणे आमच्या ओळखीचे, मुलगा नमाजी, निर्व्यसनी. सगळे जुळत आले असताना मुलीकडील एका बुजुर्गांनी विचारले, "मुलगा करतो काय?" उत्तर ऐकून ते म्हणाले, "म्हणजे हजाम! मग कुफू कुठे जुळते?" बैठक तिथेच संपली. कुफू हा शब्द शरीअतचा आहे आणि त्या खोलीत शरीअत शिकलेला मी एकटाच होतो. तरीही मी गप्प राहिलो. हा लेख म्हणजे त्या मौनाची भरपाई समजावी.

सुरुवात शब्दापासून करू. आपण ज्याला हजामत म्हणतो, तो शब्द अरबी 'हिजामा' वरून आला. हिजामा म्हणजे शरीरातील दूषित रक्त काढण्याचा उपचार आणि तो करणारा तो हज्जाम. केस कापणाऱ्याला अरबीत 'हल्लाक' म्हणतात. आपल्याकडे वस्तरा बाळगणारा माणूसच जुन्या काळी रक्तही काढी, म्हणून दोन्ही कामांना एकच नाव पडले. पुढे तर भाषेनेच या कामाचा अवमान केला. एखाद्याची फजिती झाली की त्याची बिनपाण्याने हजामत झाली, असे आपण सहज बोलून जातो. सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये हज्जामच्या कमाईला 'खबीस' म्हटले आहे आणि तिचा आधार घेऊन न्हाव्याला हलके लेखले जाते. परंतु ती हदीस रक्त काढण्याच्या कामासंबंधी आहे, केस कापण्यासंबंधी नाही. तिचाही अर्थ बहुसंख्य उलमांनी 'नापसंत' असाच घेतला आहे, 'हराम' असा नव्हे, कारण खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अबू तैबा (रजि.) यांच्याकडून हिजामा करवून घेतला, त्यांना खजुरांच्या रूपात मोबदला दिला आणि त्यांच्या मालकांना सांगून त्यांच्यावरील कराचा भारही हलका करविला. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी याच घटनेवरून दाखवून दिले, की ही कमाई निषिद्ध असती तर प्रेषितांनी (स.) ती दिली नसती.

आता खुद्द केस कापणाऱ्याकडे पाहू. हिजरी सन 10 मधील अखेरच्या हजच्या वेळी मिना येथे प्रेषितांनी (स.) कुर्बानीनंतर मस्तक मुंडविले. आधी उजवी बाजू पुढे केली, मग डावी, आणि ते केस हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्यामार्फत लोकांत वाटले गेले. त्या वेळी ज्यांच्या हाती वस्तरा होता, त्यांचे नाव अनेक मुहद्दिसांनी मअमर बिन अब्दुल्लाह (रजि.) असे दिले आहे. ते कुरैशपैकी, बनू अदी या शाखेचे. कुरैशी माणसाने वस्तरा हाती धरला म्हणून तो लहान झाला नाही. उलट त्या सेवेमुळे त्यांचे नाव राहिले. आजही मस्तक मुंडविल्याशिवाय किंवा केस कापल्याशिवाय हाजी इहराममधून बाहेर पडत नाही. मूल सात दिवसांचे झाले की अकीका करतो, जावळ काढतो, केसांच्या वजनाइतकी चांदी सदका करतो. जन्माच्या पहिल्या आठवड्यापासून हजपर्यंत ज्या हातांची आपल्याला गरज पडते, ते हात आपल्या दस्तरखानावर मात्र परके ठरतात.

राहिला कुफूचा प्रश्न. हनफी फिक्हच्या ग्रंथांत विवाहासाठी पेशाची बरोबरी पाहण्याचा उल्लेख आहे, हे मी लपवणार नाही. परंतु 'हिदाया'मध्ये या मुद्द्यावर खुद्द इमाम अबू हनीफा (रह.) यांच्याकडून दोन मते नोंदवली आहेत. पेशा विचारात घ्यावा म्हणणाऱ्यांचे कारण असे, की लोक काही पेशांचा अभिमान बाळगतात आणि काहींची लाज. विचारात घेऊ नये म्हणणाऱ्यांचे कारण असे, की पेशा माणसाला जन्मभर चिकटलेला नसतो, तो बदलता येतो. पहिले कारण लोकरीतीवर उभे आहे. लोकरीत बदलली की त्यावर उभा असलेला निर्णयही बदलतो, हे उसूल आपण मदरशातच शिकतो. इमाम मालिक (रह.) यांनी तर बरोबरी मुख्यत्वे दीनदारीतच पाहिली. आणि सुनन अबू दाऊदमध्ये कुफूच्या प्रकरणातच ती हदीस आहे, जी त्या बैठकीत माझ्या ओठांवर यायला हवी होती: अबू हिंद (रजि.) हे हिजामा करीत. प्रेषितांनी (स.) बनू बयाजा या कबिल्याला सांगितले, की अबू हिंदशी आपल्या मुलींचे विवाह लावा आणि त्यांच्याकडील मुलीही करून आणा. म्हणजे ज्या पेशाचे नाव घेऊन आम्ही लग्न मोडले, नेमक्या त्याच पेशाच्या माणसाशी सोयरीक जोडण्याची आज्ञा झाली होती.

मग ही लाज आली कुठून? ती आपल्या गावगाड्यातून आली. बारा बलुतेदारांमध्ये न्हावी होता. तो वर्षभर गावाची सेवा करी आणि सुगीला धान्याचा वाटा घेई. काम बापाकडून मुलाकडे जाई आणि कामाबरोबर पायरीही जाई. याच गावगाड्यात जनावर हलाल करणारा मुलाणीही आपले बलुते मागत असे. तरीही मुसलमान समाजाने ती उतरंड आपल्या घरात आणली. सूरह हुजुरातच्या तेराव्या आयतीत अल्लाहने कुळे आणि कबिले ओळखीसाठी केल्याचे आणि प्रतिष्ठा तकव्यात ठेवल्याचे स्पष्ट सांगितले आहे. ही आयत आपण ऐकतो आणि सोयरीक ठरवताना विसरतो.

या दृष्टीने प्रशिक्षण केंद्राकडे पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. तिथे प्रवेश घेताना बाप काय करीत होता, यावर कसब ठरत नाही. ऊसतोड मजुराचा मुलगाही ते शिकू शकतो. केंद्र सरकारच्या 'पीएम विश्वकर्मा' योजनेत 2023 पासून ज्या 18 पारंपरिक व्यवसायांचा समावेश झाला, त्यांत न्हावीकाम आहे. प्रशिक्षणकाळात दररोज 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. त्यातील कर्ज मात्र व्याजाचे आहे; म्हणून प्रशिक्षण आणि अवजारे घ्यावीत, कर्जाचा निर्णय आलिमांना विचारून करावा.

परंतु माझ्या मते प्रशिक्षणाची खरी किंमत पैशांत नाही. अरबीत 'कस्ब' म्हणजे कमाई. तोच शब्द मराठीत 'कसब' झाला आणि त्याचा अर्थ कौशल्य असा झाला. कौशल्याशिवायची कमाई निर्दोष राहत नाही, हेच जणू मराठीने सांगितले. हदीसमध्ये असे आले आहे, की ज्याला वैद्यकी अवगत नाही त्याने उपचार केला, तर नुकसानीला तो जबाबदार. याच मार्गाने फुकहांनी हज्जामबद्दल सांगितले, की त्याने नेहमीची मर्यादा ओलांडली नसेल तर त्याच्यावर भरपाई नाही. म्हणजे शिकून, मर्यादेत काम करणाऱ्याला शरीअत संरक्षण देते आणि न शिकता वस्तरा चालवणाऱ्याला जाब विचारते. अमेरिकेतील राज्यांत परवान्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. आपल्याकडे तसा परवाना सक्तीचा नाही, म्हणून तो मनात तरी असावा.

त्या तरुणाने मला सांगितले, की केंद्रात पहिले काही दिवस केसांना हातही लावू दिला नाही. हात धुणे, अवजारे निर्जंतुक करणे, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते लावणे, एवढेच शिकवले. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. कालच्या गिऱ्हाइकाचे पाते आज दुसऱ्याच्या गळ्यावर फिरवणे म्हणजे पाच रुपये वाचवण्यासाठी एका कुटुंबाचा कर्ता माणूस धोक्यात घालणे. केसांचा रंग लावण्यापूर्वी तो त्वचेच्या लहानशा भागावर लावून वाट पाहायची, हेही तिथे शिकवतात. सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये प्रत्येक कामात 'एहसान' अनिवार्य असल्याचे सांगून जनावर जिबह करतानाही सुरी धारदार ठेवण्याची आणि त्याला यातना न देण्याची आज्ञा आहे. जनावराच्या मानेबाबत ही काळजी, तर माणसाच्या मानेबाबत किती असावी! डोळे मिटून, मान मागे टाकून अनोळखी माणूस आपला गळा ज्याच्या हाती सोपवतो, त्याच्याहून मोठा अमानतदार बाजारपेठेत कोण असेल?

आता पहिल्या प्रश्नाचा अवघड भाग. केस कापणे निःसंशय हलाल आहे. परंतु दाढी पूर्ण काढणे आपल्या हनफी उलमांच्या मते नाजायज आहे, म्हणून त्याची मजुरीही योग्य नाही. डोक्याचा काही भाग साफ मुंडून काही भाग ठेवणे, ज्याला 'कज्अ' म्हणतात, त्यालाही हदीसमध्ये मनाई आहे. मी हे त्याला सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "मौलाना, जुम्माला पहिल्या सफमध्ये बसणारे किती तरी जण दर आठवड्याला दाढी करून घेतात. त्यांना तुम्ही काही म्हणत नाही. मी दाढी केली नाही तर दुकान चालेल का, एवढं मात्र मीच बघायचं."

मला उत्तर सुचले नाही, कारण त्याचे बरोबर होते. एका गुनाहात दोघे सहभागी असताना आम्ही फक्त वस्तरा धरणाऱ्याला जाब विचारतो, कारण तो गरीब आहे. नकार देण्याचे बळ एकट्याच्या अंगी क्वचितच असते. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला, तेव्हा तो एकत्रित निर्धार होता. अन्यायाच्या कामाला हात नाकारता येतो, हे या महाराष्ट्राच्या मातीतील न्हाव्यांनीच दाखवले आहे. आपला तरुण दाढी काढण्यास नकार देईल, तर त्याच्या नकाराचा खर्च जमाअतीने उचलला पाहिजे. केस त्याच्याकडेच कापा, दाढीची रेघ त्याच्याकडेच नीट करून घ्या, जावळ त्यालाच काढू द्या आणि ठरलेली मजुरी हातात द्या. मजुराला त्याचा घाम सुकण्यापूर्वी मोबदला द्यावा, ही शिकवण केवळ भाषणासाठी नाही.

त्यालाही मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, तुझी खुर्ची गावातील प्रत्येकासाठी असू दे. याच महाराष्ट्रात दलितांचे केस कापायला नकार दिला जात असे. राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि 1955 च्या कायद्याने असा नकार गुन्हा ठरवला. पण मुसलमानाला हे कळायला कायदा लागू नये. दुसरी, प्रमाणपत्र भिंतीवर लाव, डोक्यात लावू नकोस. पिंपळाखाली बसून आयुष्यभर गावाची सेवा केलेला म्हातारा न्हावी तुझ्याहून लहान नाही. जन्माची उतरंड मोडून कागदाची उतरंड उभी केली, तर आपण काहीच शिकलो नाही.

त्या बुजुर्गांकडे मी पुन्हा गेलो आणि अबू हिंद (रजि.) यांची हदीस त्यांच्यापुढे ठेवली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?" मुलीचे लग्न तोवर दुसरीकडे ठरले होते. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. आपल्यापैकी ज्यांच्याकडे इल्म आहे आणि ज्यांच्या घरात सोयरिकीची बोलणी चालू आहेत, त्यांनी मात्र माझ्यासारखा उशीर करू नये.

अल्लाह आपल्याला हलाल कमाईची कदर करण्याची आणि कमावणाऱ्या हातांचा आदर करण्याची तौफीक देवो. आमीन.