तरुण उपनगराचं वय

वाकडमधल्या एका आरक्षित भूखंडावर पालिकेकडे काय मागायचं, यावर आमच्या सोसायटीत चर्चा चालली होती. स्केटिंग रिंग, ओपन जिम, अभ्यासिका अशी नावं आली. कुणीतरी विरंगुळा केंद्र म्हणालं, तर आमचे तरुण अध्यक्ष सहज म्हणून गेले, "आपल्याकडे म्हातारे आहेतच किती?" आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. बोलण्यात उर्मटपणा नव्हता. ते खरंच तसं मानत होते, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

म्हातारे किती, हे कुठे मोजायचं? संध्याकाळी सहाला खाली उतरलं की घसरगुंडीभोवती परभणीहून, जळगावहून, कुणी थेट पाटण्याहून आलेले आजी-आजोबा दिसतात. एका खांद्यावर नातवाचं दप्तर, हातात पाण्याची बाटली, नजर झोक्यावर. बाकं दोनच, म्हणून एक आजी सुरक्षारक्षकाची प्लास्टिकची खुर्ची मागून घेतात आणि तो बिचारा तेवढा वेळ उभा राहतो. ही मंडळी काही महिने इथं, काही महिने गावी. मतदारयादीतलं नाव गावचं, रेशनकार्ड गावचं आणि आमच्या गेटवरच्या नोंदीत ते 'पाहुणे'. ज्यांच्या जिवावर आई-बाप दोघंही हिंजवडीला कामावर जाऊ शकतात, ते या उपनगराच्या वयात धरलेच जात नाहीत.

जनगणनेबद्दल नव्यानं काय सांगायचं! शेवटची २०११ ची. तेव्हा आमचं पिंपरी-चिंचवड सव्वासतरा लाखांचं होतं. पुढची १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची. मधल्या काळात उसाच्या जागी टॉवर उभे राहिले.

आणि मोजलं तरी खरं वय हाती लागेलच असं नाही. महाराष्ट्रातल्या एका पिढीत १ जूनला जन्मलेल्यांचं प्रमाण निसर्गाला न पेलणारं आहे. मूल शाळेत आणलं की गुरुजी त्याला आपादमस्तक न्याहाळायचे, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे आणि जूनची एक तारीख टाकून मोकळे व्हायचे. मूळ जन्माची खूण आईच्या आठवणीत: दुष्काळाच्या साली, पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या पोळ्याला. जनगणनेत तर वयं पाच आणि शून्यावर येऊन गर्दी करतात; चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. ही गर्दी किती, हे मोजायला लोकसंख्याशास्त्रज्ञांनी व्हिपल यांच्या नावाचा निर्देशांकच ठेवला आहे. माणसाच्या वयाबाबत इतकी उदार असलेली आपली व्यवस्था जमिनीच्या सातबाऱ्यावर मात्र आर आणि चौरस मीटरपर्यंत उतरते. असो.

माझ्या मते वस्त्या दोन प्रकारच्या असतात. काही वाढतात, काही भरल्या जातात. वाढलेल्या वस्तीत बारसं, शाळा, लग्न आणि तेरावा एकाच आळीत एकाच आठवड्यात असू शकतो. भरलेल्या वस्तीत मात्र एका वयाची, जवळपास एका पगाराची माणसं गृहकर्ज घेऊन एकदम येतात, त्यांची मुलं एकदम बालवाडीत जातात आणि पुढे ती सगळी एकदम म्हातारी होतात. पुरावा लांब शोधायला नको. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ सालचं. कारखान्यांतल्या कामगारांना घरं मिळावीत म्हणून निगडीच्या बाजूला आखीव पेठा पडल्या. तिथं संसार मांडलेले तरुण कामगार आज सकाळी हळूहळू फिरायला निघतात. कोथरूडची तर एके काळी वेगानं वाढणारं उपनगर म्हणून केवढी मिजास होती. आज तिथल्या कित्येक इमारतींत तीन खोल्यांत दोन म्हातारी आणि भिंतीवर अमेरिकेतल्या नातवंडांचे फोटो.

वाकड भरलेली वस्ती आहे. म्हणून "आहेतच किती" हा प्रश्न इथं निरर्थक ठरतो. किती आहेत यापेक्षा एकदम किती होणार, हे विचारायला हवं. आपली मानकं हा प्रश्न विचारत नाहीत. पाच हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा, असा नगररचनेचा ढोबळ नियम. ते पाच हजार कोण, पंचविशीतले की सत्तरीतले, याची त्याला फिकीर नाही. पुण्याच्या जुन्या पेठांत पालिकेच्या शाळांचा पट ओसरत गेला आणि वर्ग रिकामे पडले, ते काही माणसांनी शिकणं सोडलं म्हणून नव्हे.

हे सगळं मी अध्यक्षांना ऐकवलं. त्यांचं उत्तर माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं. "मग वयाची पाटी लावताच कशाला? नुसती जागा ठेवा. आज पाळणाघर, उद्या अभ्यासिका, परवा विरंगुळा केंद्र." मला पटलं. दोन दिवस मी हेच मत आपलं म्हणून इतरांना सांगत होतो.

पण महाराष्ट्रात नुसती ठेवलेली जागा राहते का? विकास आराखडा साधारण वीस वर्षांचा. त्यातलं आरक्षण दहा वर्षांत ताब्यात घेतलं नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो आणि मुदतीत हालचाल झाली नाही की आरक्षण व्यपगत होतं. म्हणजे ज्या तान्ह्या मुलांसाठी मैदान राखलं, ती दहावीच्या उंबरठ्यावर येतात तेव्हा मैदान कागदावरूनही जाऊ शकतं. नेमक्या नावाच्या आरक्षणासाठी निदान भांडता येतं: "हे क्रीडांगण आहे" असं न्यायालयात उभं राहून म्हणता येतं. "ही बहुउद्देशीय सुविधा आहे" म्हटलं की त्या उद्देशांत तळमजल्यावरची दुकानंही बसवता येतात. तेव्हा जमिनीवरचं नाव मला आता हट्टी, अगदी न बदलणारं हवं आहे. बदलू दे ते इमारतीच्या आत: पायऱ्यांऐवजी उतार, रुंद दारं, लहानांना आणि म्हाताऱ्यांना दोघांनाही पोचेल असं स्वच्छतागृह, आणि दर तासाला बदलणारं वेळापत्रक. सकाळी आजोबांचा प्राणायाम, दुपारी पाळणाघर.

अध्यक्ष यालाही कबूल नाहीत. त्यांच्या मते वेळापत्रकावरून रोज भांडणं होतील. होतील, पण भूखंड जाण्यापेक्षा ती परवडली.

या वादात एक वय मात्र आम्ही दोघांनीही वगळलं होतं. सोसायटीच्या बागेत पाटी आहे: झोपाळे फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी. वाकडच्या पहिल्या टॉवरांत जन्मलेली मुलं आज त्या पाटीच्या पलीकडे गेली आहेत आणि बाकांवर बसण्याचं वय त्यांना यायला अजून पन्नास वर्षं आहेत. ती तळघरातल्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधल्या पट्ट्यात टेनिस बॉलनं क्रिकेट खेळतात. चेंडू काचेला लागला की रक्षक शिट्टी वाजवतो, आणि पुढच्या सभेत 'पार्किंगमधील उपद्रव' हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येतो.