अडकलेला भागीदार

मुरुडच्या समुद्रातल्या जंजिऱ्याची जन्मकथा व्यापाराच्या नावाने झालेल्या दग्याची आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरच्या या बेटावर राम पाटील या कोळी पुढाऱ्याचा लाकडी मेढेकोट होता. निजामशाहीच्या बाजूने आलेल्या पिरमखानाने व्यापाऱ्याचा वेश घेतला, गलबतांत दारूची पिंपे आणि रेशीम आहे असे सांगून आसरा मागितला, आणि रात्री त्या पिंपांतून हत्यारबंद माणसे बाहेर पडली, अशी आख्यायिका आहे. मुरुडला आलेल्या प्रत्येकाला ती ऐकायला मिळते आणि ऐकणारा एकच धडा घेतो: माणूस पारखून घ्यावा.

मला हा धडा अपुरा वाटतो. पिरमखान ठरवून फसवायला आला होता. धंद्यातली भागीदारी मोडते तेव्हा सहसा असे कोणी ठरवून आलेले नसते. सुरुवातीला दोघेही सरळ असतात, एकमेकांच्या घरी जेवलेले असतात. मग एक दिवस असा येतो की एकाला थांबणे शक्य नसते आणि दुसऱ्याला असते. त्या दिवशी थांबू शकणाऱ्याच्या लक्षात येते की आता आपण म्हणू तो भाव. तोवर त्याला हे ठाऊकही नसते. माणूस पारखून घ्यायचा म्हटले, तर जो अजून बदललेलाच नाही त्याची पारख करायची कशी?

मुरुड तालुक्यात राजपुरी, एकदरा, आगरदांडा, कोर्लई, बोर्ली अशी मासेमारीची गावे किनाऱ्याने पसरली आहेत. हंगाम सुरू करायला डिझेल, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती, खलाशांची उचल असा मोठा पैसा आधी लागतो. बँक तो वेळेवर देत नाही, व्यापारी देतो. बदल्यात मासळी त्यालाच घालायची बोली असते. दोघांच्या सोयीचाच हा करार आहे, आणि त्याला सरसकट सावकारी म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण व्यापारीही समुद्रावर पैसा लावत असतो. पण बोट धक्क्याला लागली की घड्याळ सुरू होते. पापलेट आणि कोळंबी बर्फात किती काळ टिकणार? दुसऱ्याला माल द्यायची मोकळीक बोटमालकाकडे नसते, कारण उचल फिटलेली नसते. किलोमागे थोडा भाव कमी लावला, वजनात थोडी घट धरली, तर तो काय करणार? व्यापाऱ्याने लबाडी केली असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. त्याने फक्त समोरच्याची अडचण ओळखलेली असते.

उलटही घडते, आणि ते सांगितले नाही तर चित्र खोटे ठरेल. हंगामाआधी उचल घेतलेला खलाशी भर हंगामात दुसऱ्या बोटीवर जातो, ही कोकणच्या किनाऱ्यावरच्या बोटमालकांची जुनी तक्रार आहे. त्या क्षणी अडकलेला असतो मालक. पैसा देऊन झालेला, बोट सजलेली, आणि माणूस नाही.

सुपारीच्या वाडीत हेच घड्याळ संथ चालते. सोललेली, वाळवलेली सुपारी महिनोन्महिने टिकते, त्यामुळे भाव पटला नाही तर बागायतदार ती ठेवून देऊ शकतो, आणि सहकारी खरेदी-विक्री संघ असला तर त्याची पाठ आणखी भक्कम होते. मात्र झाड उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मुरुड-श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या केल्या. नव्या रोपाला फळ धरायला साधारण सहा-सात वर्षे लागतात. एवढा काळ ज्याचा पैसा जमिनीत रुतला आहे, त्याच्याशी करार करणारा कोणीही पहिल्या दिवसापासून वरचढ असतो.

ऑलिव्हर विल्यमसन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने हीच गोष्ट उद्योगांबद्दल मांडली. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्याला एलिनॉर ऑस्ट्रम यांच्यासोबत मिळाले. एखादी गुंतवणूक एकाच व्यवहारासाठी केलेली असते आणि इतरत्र तिला किंमत नसते, तेव्हा ती करणारा ओलीस राहतो, आणि भविष्यातल्या सगळ्या शक्यता लिहून ठेवणारा करारनामा कोणी तयार करू शकत नाही, हे त्याच्या मांडणीचे सार. मग कंपन्या काय करतात? काही पुरवठादारालाच विकत घेतात. काही एकमेकांचे भाग घेतात, म्हणजे नुकसान दोघांनाही झोंबते. हिरो आणि होंडा १९८४ साली एकत्र आले तेव्हा इंजिनाचे तंत्र एकाकडे होते, देशभरचे विक्रेते आणि सुटे भाग पुरवणारे दुसऱ्याकडे. जोवर एकाला दुसऱ्यावाचून चालत नव्हते तोवर संसार टिकला. १९९९ मध्ये होंडाने भारतात स्वतःची दुचाकी कंपनी काढली, आणि २०१० च्या अखेरीस दोघे वेगळे झाले. मला इथे कोणी खलनायक दिसत नाही. गरजेचे पारडे कलले, एवढेच झाले.

आपल्याकडे या प्रश्नाची सर्वांत बोलकी कहाणी कायद्यात आहे आणि ती महाराष्ट्राची आहे. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याचे कलम ९ सुंदर आहे: भागीदारांनी एकमेकांशी न्यायाने, निष्ठेने वागावे, खरा हिशोब आणि पूर्ण माहिती द्यावी. कलम १६ म्हणते की भागीदारीच्या व्यवहारातून कोणी स्वतःपुरता नफा काढला तर तो संस्थेला परत द्यावा लागेल. पण कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या भागीदाराला करारातले हक्क बजावण्यासाठी दावा करता येत नाही. संस्था मोडणे आणि हिशोब मागणे एवढा दरवाजा मूळ कायद्याने उघडा ठेवला होता. नोंदणी वाढावी म्हणून महाराष्ट्राने १९८४ साली दुरुस्ती केली आणि अगदी किरकोळ संस्था वगळता तोही बंद केला.

याचा परिणाम काय होणार होता हे उघड होते. दोघांचा धंदा, नोंदणी कोणाचीच नाही, गल्ला आणि वह्या एकाकडे. वाद झाला की ज्याच्या हातात पैसा आहे त्याने गप्प बसायचे, आणि ज्याचा पैसा अडकला आहे त्याला कोर्टाची पायरीही चढता येणार नाही. चूक दोघांची, शिक्षा एकाला, बक्षीस दुसऱ्याला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००९ मध्ये ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. तोवर जवळजवळ पंचवीस वर्षे राज्याच्या कायद्यानेच संधिसाधू भागीदाराला ढाल पुरवली होती. शिस्त लावण्याच्या उत्साहात आपण कोणाला अधिक अडकवतो आहोत, हे कायदा करणाऱ्यांनी विचारले नाही, याची मला आजही चीड येते.

खलाशाची स्थिती तर या कायद्याच्याही बाहेर आहे. किनाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी खर्च वजा जाता उरलेल्या रकमेत खलाशाचा वाटा असतो. वाटा असल्याने तो जास्त जिवावर उदार होऊन राबतो, मालकाला देखरेख कमी करावी लागते, आणि समुद्राने हात आखडला तर तोटा वाटला जातो. संधिसाधूपणावर याहून जुना आणि चांगला उपाय मला माहीत नाही. पण नोकराला मेहनतान्यादाखल नफ्यातला भाग मिळाला एवढ्यावरून तो भागीदार ठरत नाही, असे कलम ६ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. म्हणजे डिझेल किती लागले, मासळी कितीला गेली, हे कलम ९ च्या आधाराने विचारण्याचा हक्क त्याला नाही. तोट्यात वाटेकरी, हिशोबात परका. मग तो भर हंगामात बोट सोडून जातो यात नवल कसले? मालकाची तक्रार खरी आहे, पण तिची अर्धी मुळे बंद वहीत आहेत.

म्हणून मी करारनाम्याची पाने वाढवण्यापेक्षा दोन गोष्टींचा आग्रह धरतो. पहिली, वही उघडी असावी: लिलावाची पावती, बर्फाचे आणि डिझेलचे बिल, उचलीची बाकी, हे ज्याचा वाटा आहे त्या प्रत्येकाला दिसावे. व्यापारी आणि बोटमालक यांच्यातही हेच हवे, आणि मच्छीमार सहकारी संस्था ते काम अंगावर घेऊ शकतात. दुसरी, वेगळे कसे व्हायचे ते आधी लिहावे. मुदत न ठरवलेली भागीदारी कोणीही नोटीस देऊन मोडू शकतो. ती नोटीस ऐन हंगामात आली तर बोट कोणाकडे, जाळी कोणाकडे, कर्ज कोणावर, हे ठरवायला भांडणाशिवाय दुसरी जागा उरत नाही.

आपल्या लोकांना हे लिहिणे अशुभ वाटते. भावाभावांत, शेजाऱ्यांत कागद कशाला, असे म्हणतात. मला वाटते विश्वास आहे तेव्हाच कागद सोपा जातो, कारण तेव्हा कोणी कोणाला अडवू शकत नाही. किनाऱ्यावर असा काळ दरवर्षी येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या असतात, जाळी विणली जात असतात, नव्या हंगामाची उचल अजून हातात पडलेली नसते. भागीदारीची नोंदणी, वाट्याचा लेखी आकडा आणि वेगळे होण्याच्या अटी या दोन महिन्यांत पुऱ्या व्हाव्यात. ऑगस्टमध्ये पहिली बोट पाण्यात गेली की कोणीतरी अडकलेला असतोच, आणि मग बोलणी बरोबरीची राहत नाहीत.