उषस्तीचं पाणी

क्योतो स्टेशनच्या मागच्या बाजूला आमचं हॉटेल होतं. खोली एवढीशी, की एकाने बॅग उघडली की दुसऱ्याने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. नाश्ता भाड्यात धरलेला नव्हता. त्यामुळे सकाळी पावणेसातला आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या एका दुकानात जायचो. चोवीस तास उघडं, सगळ्या जपानभर शाखा असलेलं. मूळ धंदा गोमांस-भाताचा, हे दारावरच्या चित्रावरूनच कळत होतं. मी पहिल्या दिवशी दारातच थबकले. तेव्हा आमचे हे म्हणाले, "कराडच्या हॉटेलात काय दोन वेगळ्या चुली असतात? चल आत."

आत शिरलं की यंत्र. चित्रावर बोट ठेवायचं, नाणी टाकायची, चिठ्ठी बाहेर येते, ती काउंटरवर ठेवून गप्प बसायचं. चारशे येनच्या आतबाहेर एक ताट: वाडगाभर भात, मिसोचं सूप, वाळवलेल्या समुद्रशेवाळाची पानं, नट्टो म्हणजे आंबवलेलं तार सुटणारं सोयाबीन, थोडं लोणचं आणि एक कच्चं अंडं. अंडं मी ह्यांच्याकडे सरकवायची. नट्टो मला झेपलं नाही. सूप मात्र मनापासून आवडलं. परदेशात आमटीची जी एक तहान लागते ती त्या गरम वाडग्यावर भागत होती.

मी माळकरी आहे. तुळशीची माळ गळ्यात पडली त्याला सव्वीस वर्षं झाली. हायस्कुलात संस्कृत शिकवण्यात नोकरी गेली, हे साखर कारखान्यात हिशेबाला होते. मुलगा चाकणहून थेट नागोयाजवळच्या मोटारींच्या पट्ट्यात गेला, तिकडे आता मराठी पोरं बरीच आहेत. त्याच्याकडे राहून मधले दहा दिवस आम्ही आमचे आम्हीच फिरायला निघालो होतो.

चौथ्या दिवशी रात्री फोनवर मी त्याला कौतुकाने सूपचं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "आई, त्यात दाशी असतं." दाशी म्हणजे इथल्या स्वयंपाकाचं मूळ पाणी. समुद्रशेवाळ आणि धुरी देऊन लाकडासारखा कडक वाळवलेला मासा, त्याचा कीस गरम पाण्यात टाकून गाळून घेतात. डोळ्यांना मासा कुठेच दिसत नाही. आपल्याकडे फोडणी जशी सगळीकडे, तसं ते तिकडे सगळीकडे. नट्टोबरोबर येणाऱ्या रसाच्या पुडीतसुद्धा बहुधा असतंच.

म्हणजे चार दिवस मी मासळीचं पाणी आवडीने पीत होते.

ह्यांचं म्हणणं एका वाक्यात संपलं: नकळत झालं, सोडून दे. माझं संपेना. ह्यांच्या म्हणण्याला मोठा आधारही होता. बौद्ध भिक्षूंसाठी नियम सांगितला आहे की भिक्षापात्रात पडलेलं मांस आपल्यासाठी मारलेलं आहे असं पाहिलेलं नसेल, ऐकलेलं नसेल, तशी शंकाही नसेल, तर ते चालतं. मी तर मासा पाहिला नव्हता, ऐकला नव्हता आणि शंका म्हणाल तर आमटीवर कोण शंका घेतो! पलंगावर पाय घेऊन बसल्या बसल्या मी स्वतःला जवळजवळ निर्दोष सोडलं होतं.

पण झोप लागेना, आणि मग चूक कुठे आहे ते लक्षात आलं. तो नियम भिक्षेकऱ्याचा आहे. जो दारात पात्र घेऊन उभा राहतो, देणाऱ्याने घातलं ते घेतो, त्याला चौकशीचा अधिकार नाही, म्हणून त्याला ती सूट. मी भिक्षेला गेले नव्हते. मी चित्रं बघून बटण दाबलं होतं, पैसे मोजले होते, उरलेली नाणी मोजून घेतली होती. गिऱ्हाईक म्हणून सगळे हक्क घ्यायचे आणि दोष टाळायच्या वेळी तेवढं भिक्षेकरी व्हायचं, हे काही खरं नाही. मी विचारलं नव्हतं. अंडं दिसलं म्हणून बाजूला केलं. न दिसणाऱ्या गोष्टीची चौकशी केली असती तर सूप गेलं असतं, आणि सूप मला हवं होतं.

हे विचारणं किती महत्त्वाचं, ते अमेरिकेतल्या एका जुन्या प्रकरणावरून दिसतं. मॅकडोनाल्डने १९९० साली तिकडे जाहीर केलं की आता बटाट्याचे काप वनस्पती तेलात तळू. कित्येक हिंदू, जैन मंडळी त्या भरवशावर खात राहिली. कापांना चव आणण्यासाठी गोमांसाचा अंश वापरतात हे पुढे उघड झालं. २००१ मध्ये सिअ‍ॅटलला दावा लागला आणि २००२ मध्ये कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर शाकाहारी, हिंदू, शीख वगैरे संस्थांना द्यायचं कबूल केलं. त्या पैशाने कोणाचं पोट शुद्ध झालं हा प्रश्न मला पडतोच. पण त्या माणसांची बाजू माझ्यापेक्षा बळकट होती. त्यांना सांगितलं गेलं एक आणि खाऊ घातलं गेलं दुसरं. मला कोणी काहीच सांगितलं नव्हतं, कारण मी तोंडच उघडलं नव्हतं.

पाचव्या सकाळी ह्यांचं पोट बिघडलं, म्हणून मी एकटीच गेले. त्या ताटातून सूप वगळायचं बटण नव्हतं. काउंटरमागे टोपी घातलेले साठी उलटलेले एक गृहस्थ, माझ्याच वयाचे असतील. त्यांनी सवयीने वाडगा ठेवला. मी हात जोडून, मान हलवून तो मागे सरकवला. त्यांनी आधी वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सूपमध्ये काही पडलं का, म्हणून वाकून निरखलं. मी पुन्हा मान हलवली. मग त्यांनी तो उचलला आणि माझ्यासमोर, दोन हातांवर असलेल्या मोरीत ओतला. वाफ वर आली. तो मासा आधीच मेलेला होता. आता तो वायाही गेला, आणि गेला तो माझ्या माळेपायी. घरी मी मुलांना ताटात शीत टाकू दिलं नाही. लवून आभार मानले आणि कोरडा भात गिळला.

वर्गात छांदोग्य उपनिषदातली उषस्तीची गोष्ट मी दरवर्षी सांगायची, अभ्यासक्रमात नसली तरी. पोरांना ती आवडते कारण तिच्यात भूक आहे. कुरुदेशातलं पीक आपत्तीने नासलेलं. उषस्ती चाक्रायण आपल्या तरुण बायकोला घेऊन हत्ती बाळगणाऱ्यांच्या गावात येतो. एक माणूस उकडलेले कुल्माष खात बसलेला असतो. हलक्या प्रतीचे उडीद, असं भाष्यकार सांगतात. उषस्ती मागतो. तो म्हणतो, या पुढ्यातल्या उष्ट्याखेरीज माझ्यापाशी काही नाही. उषस्ती म्हणतो, त्यातलेच दे. खातो. मग तो माणूस पाणी पुढे करतो, तर हा विद्वान म्हणतो, नको, उष्टं होईल. देणारा चकित होतो: आणि उडीद उष्टे नव्हते का? उषस्तीचं उत्तर असं की, ते खाल्ले नसते तर जगलो नसतो. पाणी मला कुठेही मिळेल.

इथे पोरं हसायची. दांभिक आहे, म्हणायची. मीही त्यांना सूट-सवलतीची गोष्ट म्हणूनच शिकवली: अडचणीत सगळं चालतं, असा सोपा अर्थ. क्योतोत कळलं की गोष्टीचा जीव उडदात नसून पाण्यात आहे. सवलत कुठे सुरू होते ते भूक सांगतेच, त्याला उपनिषद लागत नाही. ती कुठे संपते ते ठरवायला उषस्ती लागतो. दुसऱ्या दिवशी तेच शिळे उडीद खाऊन तो राजाच्या यज्ञाला गेला आणि तिथल्या ऋत्विजांपैकी एकाला त्याने सांगितलं की तू गातोस त्या भागाची देवता अन्न आहे. उष्टं खाल्लेल्या तोंडाने सांगितलं. ही जागा मी वर्गात घाईने उरकत आले, याचं वाईट वाटतं.

स्वतःकडे पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट टोचली. आहाराचे तीन दोष रामानुजांच्या परंपरेत सांगितले आहेत: पदार्थाचा स्वतःचा, तो ज्याच्याकडून आला त्याचा, आणि केस-कचरा पडल्याचा. तिसऱ्याची जपानात चिंताच नको, काउंटर आरशासारखा. पहिल्यावर मी रात्र जागवली. दुसरा मात्र माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. कोणी शिजवलं, कोणाच्या हातचं, हे मी तिथे एकदाही मनात आणलं नाही. माझ्या सोवळेकरी आजीने सगळ्यात आधी तेच विचारलं असतं. मासा राहिला बाजूला, तिला तिथलं पाणीसुद्धा चाललं नसतं.

पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांवरून केवढं ग्रामण्य झालं! गोपाळराव जोशांनी नावं छापली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानडे आणि टिळक दोघांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यात यावं लागलं. चहात काय होतं असं कोणी विचारलं नाही. भांडण ओतणाऱ्याच्या हाताचं होतं. आणि पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, ते तर आमच्याच विठोबाच्या दारात. आज ती अट माझ्या मनातून इतकी सहज गळून पडली आहे की ती होती हेसुद्धा आठवावं लागलं. तीही आजीला धर्मच वाटत होती. मग माझ्या दाशीच्या दुःखातलं किती धर्माचं आणि किती सवयीचं? मी माझ्यापुरतं उत्तर ठरवलं आहे: हाताच्या विटाळात माणूस दुखावत होता, म्हणून तो गेला ते उत्तम. माशाच्या बाबतीत दुखावतो तो मासा, म्हणून तो नियम राहू दे. आद्य शंकराचार्यांनी तर आहार म्हणजे इंद्रियांनी घेतलेलं सगळंच, असा अर्थ केला आहे. त्या हिशेबाने दारावरचं गोमांसाचं चित्र मी रोज सकाळी आहारात घेतच होते. तेवढ्या उंचीवर मला जाता येत नाही.

शुद्ध दाशी मिळतच नाही असं नाही. बौद्ध मठांच्या स्वयंपाकात शेवाळ आणि वाळवलेल्या अळंब्यांचं करतात. पण क्योतोत तसं जेवण घ्यायचं तर माणशी काही हजार येन. त्याच अळंब्यांची एक गोष्ट आहे. १२२३ साली दोगेन हा तरुण जपानी भिक्षू चीनच्या बंदरात जहाजावर मुक्कामाला असताना अशोकराजाच्या नावाच्या डोंगरावरच्या मठातला म्हातारा आचारी पायपीट करत अळंब्या विकत घ्यायला आला. दोगेनने त्याला विचारलं, या वयात ध्यान-अध्ययन सोडून स्वयंपाक कशाला करता? म्हातारा हसला आणि म्हणाला, साधना म्हणजे काय ते तुला अजून कळलेलं नाही. मला त्या म्हाताऱ्याच्या जागी सारखे टोपीवाले गृहस्थ दिसत राहिले.

नागोयाला परतलो तेव्हा मुलाने कोमेदा नावाच्या कॉफीच्या दुकानात नेलं. १९६८ पासूनची, त्याच गावात सुरू झालेली साखळी. सकाळी अकरापर्यंत फक्त कॉफीचे पैसे द्यायचे, जाड पावाचा भाजलेला तुकडा फुकट. सोबत उकडलेलं अंडं घ्या, नाहीतर ओगुरा. ओगुरा म्हणजे लाल आझुकी दाण्यांचं साखर घालून आटवलेलं सारण. मी एक घास घेतला आणि ह्यांच्याकडे पाहिलं. पुरण! वेलची-जायफळ तेवढं नाही, आणि डाळ आपली नाही. आझुकी उडदाच्याच कुळातली, हे मुलाने फोनवर शोधून दाखवलं. उषस्तीला क्योतोतून निघताना मागे टाकलं असं मला वाटलं होतं, तो इथे पावावर बसून आला.

पण मला खरा धक्का पुरणाचा नव्हता. हे दुकान, अशीच दुसरी दुकानं, क्योतोतही होती. स्टेशनकडे जाताना आम्ही पावाच्या दोन दुकानांवरून रोज जात होतो. तिथे थांबून विचारायचं, भाषांतराच्या ॲपवर लिहून दाखवायचं, पाच मिनिटं ओशाळवाणं उभं राहायचं, एवढंच करायचं होतं. म्हणजे पहिल्या चार दिवसांतही उपासमार कुठेच नव्हती. मला पाणी सगळीकडे मिळत होतं. ज्याला मी अडचण म्हणत होते तो संकोच होता, आणि संकोचाला आपद्धर्म लागू नाही.

माळ मी उतरवली नाही. परत आल्यावर आमच्या महाराजांच्या कानावर सगळं घातलं, आणि त्यांनी एकादशा नेटाने करायला सांगितलं, त्या मी करतेच. ह्यांनी येताना मिसोचा डबा आणला होता. त्याच्या मागचा मजकूर मी फोटो काढून मुलाकडून वाचून घेतला, तेव्हाच झाकण उघडलं. तुम्ही आणणार असाल तर ध्यानात ठेवा: साध्या मिसोत सोयाबीन, मीठ आणि आंबवलेला तांदूळ किंवा जव, एवढंच असतं. डब्यावर 'दाशी-इरी' असं असेल तेवढा घेऊ नका.