खाल्ल्या मिठाचे ऋण

ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी बेइमानी करू नये, हा संस्कार आपल्या घराघरांतून इतक्या लहानपणी होतो की त्याची कारणमीमांसा करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. चाकराने धन्याशी, शिष्याने गुरूशी, मित्राने मित्राशी एकनिष्ठ असावे, यात विवाद्य ते काय? परंतु धन्याने एखाद्याचा जीव घेण्याची आज्ञा केली, तर ते मीठ माणसाला कोठवर बांधून ठेवते, हा प्रश्न मात्र तितका सोपा नाही. प्रश्न जुनाच आहे. अलीकडे तो माझ्यापुढे आला तो मात्र अगदी अनपेक्षित वाटेने, कोरियातील गुंडांच्या टोळ्यांवर निघालेल्या चित्रपटांमुळे.

मी बालाघाटला राहतो. कोकणातील आणि गोव्यातील वाचकांना या नावाने मराठवाड्यातील डोंगररांग आठवेल; पण हा बालाघाट म्हणजे मध्यप्रदेशातील वैनगंगेकाठचा जिल्हा, गोंदियाला लागून असलेला आणि एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडणारा. येथील मराठी घरांतली तरुण मुले हल्ली मोबाइलवर कोरियन चित्रपट आवडीने पाहतात. कीर्तन आटोपल्यावर देवळाच्या ओट्यावर चाललेली त्यांची चर्चा ऐकून मीही दोन-तीन पाहिले. रक्तपात पुष्कळ, वडीलधाऱ्यांनी उठून जावे इतका. तथापि त्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती आपल्याला परकी नाही. त्या भाषेत तिला 'उइरी' म्हणतात. हा शब्द चिनी अक्षरांवरून आलेला असून त्यातील पहिल्या अक्षराचा अर्थ न्याय्य आचरण असा आहे. कन्फ्यूशियसच्या परंपरेत तो नीतिशास्त्राचा शब्द. टोळीवाल्यांच्या तोंडी 'आपल्या माणसाला सोडायचे नाही' एवढाच त्याचा अर्थ उरला. आपल्या 'इमान' शब्दाचेही असेच झाले. मूळ अरबीत ती ईश्वरावरील श्रद्धा होती. मराठीत ती धन्याशी असलेली चाकराची बांधिलकी झाली, आणि आज आपण तो गुण कुत्र्याच्या ठायी अधिक कौतुकाने पाहतो.

किम जी-वून यांचा 'अ बिटरस्वीट लाइफ' हा २००५ सालचा चित्रपट या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. सन-वू हा एका टोळीच्या म्होरक्याचा उजवा हात. सात वर्षे त्याने धन्याची सेवा निमूटपणे केलेली. हा धनी, कांग, तीन दिवसांसाठी परदेशी जाताना त्याला सांगतो की, माझ्या तरुण प्रेयसीवर लक्ष ठेव, आणि ती दुसऱ्या कोणाशी संबंध ठेवते असे आढळले तर तिचा निकाल लाव. तसे आढळतेही. आणि त्या क्षणी सन-वूचा हात थांबतो. तो दोघांना सोडून देतो. पुन्हा भेटू नका, एवढेच बजावतो. कांगला हे कळते तेव्हा त्या सात वर्षांची किंमत शून्य होते. त्याला मारहाण होते, जिवंत पुरले जाते. तो त्यातून सुटतो आणि शस्त्र घेऊन परततो. शेवटी धन्यासमोर उभा राहून तो विचारतो की, माझ्याशी असे का वागलात? धन्याचे उत्तर असे की, तू माझा अपमान केलास.

या उत्तरावर मी बराच विचार केला. सन-वूने धन्याचे पैसे बुडवले नव्हते, शत्रूला गुपित सांगितले नव्हते. एका स्त्रीचा जीव त्याने घेतला नाही, एवढाच त्याचा अपराध. तोच धन्याला सर्वांत असह्य वाटला, कारण त्यावरून चाकराला स्वतःची बुद्धी आहे असे दिसले. टोळीला जी निष्ठा हवी असते ती ही: हात तुझा, विचार माझा. चाकराचे प्रेम, कष्ट, वर्षे हे सारे त्या मानाने गौण.

कोरियन टोळ्यांना नावे ठेवून आपण मोकळे होऊ नये, कारण शनिवारवाड्यात हीच परीक्षा तीन चाकरांची झाली होती. ३० ऑगस्ट १७७३ या दिवशी गारदी वाड्यात शिरले. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे धावत जाऊन चुलत्याला बिलगले. राघोबादादांचा खिदमतगार तुळाजी पवार याने त्यांना पाय धरून ओढले. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि धन्यासोबत कापला गेला. तुळाजी आणि चापाजी दोघेही आपापल्या मिठाला जागले, असे म्हणता येईल. शब्दाच्या कसोटीवर दोघांत काडीचाही फरक नाही. (गारद्यांचे तर विचारूच नका, ते ज्या पेशव्यांचे मीठ खात होते त्यांच्यावरच तलवार घेऊन आले होते, आणि तक्रार थकलेल्या पगाराची होती.) फरक शोधायचा तर तो निष्ठेच्या प्रमाणात सापडत नाही. तुळाजीने धन्यासाठी दुसऱ्याचा जीव दिला, चापाजीने स्वतःचा. आणि तिसरे चाकर रामशास्त्री प्रभुणे. तेही पेशव्यांच्याच दौलतीचे मीठ खात होते. चौकशीअंती त्यांनी पेशवेपदी बसलेल्या राघोबादादांनाच दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्ताखेरीज गत्यंतर नाही असे तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले. त्यांना कोणी बेइमान म्हटल्याचे ऐकिवात नाही. म्हणजे मीठ कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर ते गादीवर बसलेल्या व्यक्तीपाशी शोधत नव्हते. गादी ज्यासाठी असते त्या न्यायापाशी शोधत होते.

आमच्या जिल्ह्याला हा प्रश्न पोथीतला नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मध्यप्रदेशाचे तत्कालीन परिवहनमंत्री लिखीराम कावरे किरनापूर भागातील आपल्या गावी घरी असता नक्षलवाद्यांनी त्यांची हत्या केली. त्याच महिन्याच्या आरंभी आंध्रात त्या संघटनेचे तीन वरिष्ठ नेते पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले होते, आणि त्याचा हा सूड मानला गेला. शेकडो मैलांवर घडलेल्या त्या घटनेशी कावरे यांचा हात लागलेला नव्हता. त्यांना मारणाऱ्यांना आपण मेलेल्या सोबत्यांशी एकनिष्ठ राहिलो असे वाटले असेल. तसे वाटल्याखेरीज माणूस रात्री कोणाच्या दारात कुऱ्हाड घेऊन उभा राहत नाही. निष्ठा खोटी होती असे म्हणून सुटका होत नाही. ती खरी असू शकते, आणि तरीही कृत्य खुनाचेच राहते.

येथे कोणी कर्णाचे उदाहरण देईल, आणि तरुण मंडळी देतातच. 'न्यू वर्ल्ड' या २०१३ च्या कोरियन चित्रपटात टोळीत वर्षानुवर्षे वेष पालटून राहिलेला पोलीस शेवटी टोळीचाच होतो, कारण ज्या गुंडाने त्याला भाऊ मानले तो त्याचे गुपित कळल्यावरही त्याला जिवे मारत नाही, आणि वरिष्ठ अधिकारी मात्र त्याला सोंगटीसारखा वापरतात. ओट्यावरच्या एका मुलाने मला विचारले, "काका, हा कर्णच नाही का?" साम्य आहे खरे. कृष्णाने राज्य देऊ केले तरी कर्णाने दुर्योधनाला सोडले नाही, आणि संकटात मित्राला न सोडणे हे उणे मानण्याजोगे नाही. माझा आक्षेप रणांगणावरच्या कर्णाला नाही. तो द्यूतसभेतल्या कर्णाला आहे. द्रौपदीची विटंबना चालली असता मित्राचा हात धरण्याचे काम मित्राचेच होते. त्या दिवशी कर्णाने हात धरला तर नाहीच, उलट चिथावणी दिली. सभेत उठून हा अधर्म आहे असे म्हणाला तो दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ विकर्ण, आणि त्याला गप्प बसवणारा कर्णच. विकर्ण पुढे कौरवांकडूनच लढला आणि भीमाच्या हातून पडला. भीमालाही त्याचे दुःख झाले. धृतराष्ट्राचाच आणखी एक पुत्र युयुत्सू युद्धाच्या तोंडावर पांडवांकडे निघून गेला. महाभारतकारांनी त्याला फितूर म्हटलेले नाही. महाप्रस्थानाला निघताना पांडवांनी परीक्षिताच्या राज्याची काळजी त्याच्याच हाती सोपवली. आपल्या कीर्तनकारांनी कर्णावर रात्री जागवल्या. युयुत्सूवर आख्यान लावलेले मी तरी ऐकले नाही. ही उपेक्षा बरी नव्हे. टोळीचे आकर्षण वाटणाऱ्या मुलाला कर्णाची गोष्ट धोक्याची आहे आणि युयुत्सूची उपयोगाची.

सन-वूकडे परत येतो. हात थांबला त्या रात्री तो मला थोर वाटला. त्यानंतर त्याने जे केले ते पाहवत नाही. अपमानाचा बदला म्हणून तो एकामागून एक माणसे मारत सुटतो, धन्यालाही मारतो आणि स्वतः मरतो. एका जिवासाठी आज्ञा मोडणारा माणूस धन्याच्याच रीतीने, धन्याहून अधिक निष्ठेने वागू लागतो. चित्रपट कौशल्याने काढलेला आहे, आणि म्हणूनच प्रेक्षक त्या सूडाला टाळ्या देतात. मुलांनीही दिल्या. मी त्यांना प्रल्हादाची आठवण दिली, तेव्हा प्रथम हसू आले, कारण प्रल्हाद म्हणजे लहान मुलांची गोष्ट. पण भागवत नीट पाहावे. पित्याची आज्ञा प्रल्हादाने मोडली, वारंवार मोडली, छळ सोसला. हात मात्र एकदाही उगारला नाही. आणि हिरण्यकशिपू मारला गेल्यावर नृसिंहापाशी त्याने आपल्या पित्याचे पाप धुतले जावे, असे मागितले. ज्याने त्याला डोंगरावरून लोटवले त्याचा तो तेव्हाही पुत्र होता.

मुलांपैकी एकाने विचारले की, सन-वूने मग काय करायला हवे होते? त्याला पळून जाता आले असते का, हे मी सांगू शकलो नाही. त्या धंद्यात एकदा शिरलेल्या माणसाला बहुधा ते जमत नाही, आणि म्हणून त्या धंद्याचे मीठ पहिल्यांदा तोंडी लावताना विचार करावा लागतो, असे मी म्हणालो. त्यावर दुसरा म्हणाला की, चापाजीवर कोणी चित्रपट काढत नाही. ते खरे आहे.