फांदीचा चाफा आणि बियांचा चाफा

सामान्य काळातील अकरावा रविवार (वर्ष ब)
पहिले वाचन : यहेज्केल १७:२२-२४
दुसरे वाचन : २ करिंथ ५:६-१०
शुभवर्तमान : मार्क ४:२६-३४

प्रस्तावना

आजची उपासना आपल्याला देवाच्या राज्याच्या वाढीवर मनन करण्यास पाचारण करीत आहे. पहिल्या वाचनात परमेश्वर गंधसरूच्या शेंड्याची एक कोवळी डहाळी खुडतो आणि उंच डोंगरावर लावतो. शुभवर्तमानात प्रभू येशू बी पेरणाऱ्या माणसाचा आणि मोहरीच्या दाण्याचा दाखला देतो. एका वाचनात फांदी आहे, दुसऱ्यात बी आहे. लावणी दोन प्रकारची, लावणारा मात्र एकच. आपल्या घरातील ज्या मुलांची श्रद्धा आज आपल्या डोळ्यांना दिसत नाही, त्यांना ह्या मिस्साबलीत आपण वेदीवर ठेवूया आणि देवाच्या दयेची याचना करूया.

मनन-चिंतन

ख्रिस्ताठायी प्रिय बंधू-भगिनींनो,

पांढरा चाफा आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? आपल्या वसईत तो घरासमोर आहे, क्रुसाजवळ आहे, दफनभूमीत आहे. काही ठिकाणी त्याला खुरचाफा किंवा देवचाफा म्हणतात. हे झाड मूळचे मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचे. समुद्र ओलांडून ते आपल्याकडे आले आणि इतके आपले झाले की, ते परके आहे हे कोणाला सांगूनही खरे वाटणार नाही.

चाफा लावायचा कसा, हेही आपल्याला ठाऊक आहे. पावसाळ्यापूर्वी शेजाऱ्याकडून हातभर फांदी मागून आणायची. कापल्या जागी पांढरा चीक येतो, तो सुकेपर्यंत आठ-दहा दिवस ती सावलीत ठेवायची आणि मग मातीत रोवायची. मुळे धरली की काम झाले. बहुधा वर्ष-दोन वर्षांत फूल येते, आणि ते हुबेहूब शेजाऱ्याच्या झाडासारखेच असते. तोच रंग, तोच वास. कारण ते नवे झाड नसतेच. जुन्याच झाडाचा तो एक तुकडा असतो.

चाफ्याला बी असते, हे मात्र अनेकांनी पाहिलेले नसते. शेंग क्वचितच धरते. धरली तर बैलाच्या शिंगांसारखी जोडीने येते. पिकायला तिला आठ-नऊ महिने लागतात. मग ती तपकिरी होऊन वाळते, एका बाजूने उकलते आणि आतून चपट्या, पंख असलेल्या बिया वाऱ्यावर निघून जातात. बी हवे असेल, तर उकलण्यापूर्वीच शेंगेला पातळ फडके बांधून ठेवावे लागते.

आता आजची दोन वाचने ह्या दोन लावण्यांच्या प्रकाशात पाहूया.

फांदी : देवाने आपल्या पूर्वजांना दिलेली श्रद्धा

यहेज्केल संदेष्टा बाबिलोनच्या बंदिवासातील लोकांशी बोलत होता. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबिलोनच्या राजाने यरुशलेमचा राजा यहोयाखीन ह्याला कैद करून नेले होते. संदेष्ट्याच्या भाषेत सांगायचे, तर एका मोठ्या गरुडाने गंधसरूचा शेंडा तोडून परदेशी नेला होता. लोकांना वाटले, सर्व संपले. तेव्हा परमेश्वर म्हणतो की, आता मी स्वतः डहाळी घेईन आणि मीच ती लावीन. तिला फांद्या फुटतील, फळ येईल आणि तिच्या सावलीत पाखरे राहतील.

आपल्या पूर्वजांची कथाही काहीशी अशीच आहे. सोळाव्या शतकात दूरदेशी मिशनऱ्यांनी ह्या किनाऱ्यावर श्रद्धेची फांदी आणून लावली. १७३९ साली वसईचा किल्ला पडला आणि पोर्तुगीज सत्ता गेली. ज्यांनी फांदी रोवली होती, ते हात निघून गेले. पण फांदी सुकली नाही, कारण तोपर्यंत तिने ह्या मातीत मुळे धरली होती. त्यानंतरच्या कठीण वर्षांत आपल्या पणजोबा-पणजींनी घराघरांत जपमाळ चालू ठेवली, म्हणून आज आपण ह्या देवळात बसलो आहोत. त्याबद्दल परमेश्वराचे आभार मानणे योग्यच आहे.

परंतु इथेच आपली एक गल्लत होते. आपल्याला वाटते, आमची श्रद्धा आम्ही तशीच्या तशी मुलांच्या अंगणात रोवू. स्नानसंस्कार केला, धर्मशिक्षणाला पाठवले, प्रथम ख्रिस्तशरीर आणि दृढीकरण झाले. आता आमच्यासारखेच फूल आले पाहिजे, आणि तेही लवकर! मग मुलगा रविवारी मिस्साला आला नाही, मुलीने जपमाळेच्या वेळी मोबाईल बाजूला ठेवला नाही, परदेशी गेलेल्या लेकाने तिकडे देऊळ शोधले नाही, की आपण हताश होतो. आम्ही कुठे कमी पडलो, असा प्रश्न कितीतरी आया पापनिवेदनाच्या वेळी डोळ्यांत पाणी आणून विचारतात.

बी : देवाच्या हातातली वाढ

अशा आईबापांसाठी आजचे शुभवर्तमान आहे. प्रभू येशू म्हणतो, माणूस जमिनीत बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो आणि बी रुजून वाढते. ते कसे, हे त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. भूमी आपोआप पीक देते.

आपोआप म्हणजे पेरणाऱ्याला काहीच काम नाही, असे नव्हे. चाफ्याचे बी रुजवणाऱ्याला हे चांगले समजते. माती भुसभुशीत हवी. तिच्यात वाळू मिसळावी, म्हणजे पाणी साचणार नाही. बियांचा जाड भाग खाली आणि पंख थोडासा वर राहील, अशी ती उथळ पेरावी. खोल पुरली तर ती कुजते. कुंडी उबदार जागी ठेवावी. साधारण एक-दोन आठवड्यांत अंकुर दिसतो.

इथे एक गोष्ट पुष्कळदा घडते. बियांचे कागदासारखे टरफल दोन कोवळ्या पानांवर टोपीसारखे अडकून राहते. पाहणाऱ्याचे हात शिवशिवतात. वाटते, एवढेसे ते काढून टाकावे, म्हणजे रोप मोकळे होईल. पण ओढायला गेले की टरफलाबरोबर पानेही तुटतात. शहाणा माळी त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडतो आणि थांबतो. टरफल मऊ होते आणि पाने आपल्याच बळाने ते ढकलून देतात.

प्रिय पालकांनो, तरुण मुलांच्या श्रद्धेवर असे टरफल असते. कधी ते शंकेचे असते, कधी संकोचाचे, कधी मित्रांच्या थट्टेच्या भीतीचे, तर कधी ख्रिस्तसभेतील एखाद्या व्यक्तीने मन दुखावले त्याचे. ते ओढून काढू नका. चारचौघांत टोमणे मारून, भावाशी तुलना करून, घरात भांडण करून ते निघत नाही. त्याने पाने मात्र फाटतात. प्रेमाने ऐकून घेणे आणि प्रार्थना करणे हेच ते पाण्याचे दोन थेंब होत.

चाफ्याच्या रोपाला दुसरा धोका जास्त पाण्याचा. माती कोरडी झाली की पाणी द्यावे, रोज नव्हे. झडीच्या दिवसांत कुंडी पडवीत आणावी. रोप जाते ते उपासमारीने क्वचित, मुळे कुजून अनेकदा. उपदेशाचेही तसेच आहे. जेवताना उपदेश, फोनवर उपदेश, परीक्षेत नापास झाला तरी उपदेश! थोडा कोरडा वेळही लागतो. त्या वेळात मूळ पाण्याच्या शोधात स्वतः खाली जाते.

मग हिवाळा येतो आणि चाफ्याची पाने गळतात. उभी राहते नुसती काठी. पहिल्यांदा रोप लावणाऱ्याला वाटते, हे मेले. पण बोटाने खोड दाबून पाहावे. ते घट्ट असेल, तर झाड जिवंत आहे. विसावा घेत आहे. अशा वेळी पाणी अगदी कमी करावे आणि वाट पाहावी. उन्हाळ्याच्या सुमारास शेंड्याला पुन्हा पालवी फुटते. तुमच्या मुलाच्या जीवनात आज जपमाळेचे पान दिसत नसेल. पण आजारी शेजाऱ्यासाठी तो रात्री धावून जात असेल, लबाडीचा पैसा नाकारत असेल, आजीचा हात धरून तिला देवळापर्यंत सोडत असेल, तर खोड घट्ट आहे. संत पौल आज तेच सांगतो : आपण डोळ्यांना दिसते त्याच्या आधारे नव्हे, तर विश्वासाच्या आधारे चालतो.

संत मोनिकाचे उदाहरण आपल्याला परिचित आहे. मुलगा अगस्तीन श्रद्धेपासून दूर गेला, तेव्हा ती एका बिशपांकडे गेली आणि त्यांनी त्याच्याशी वाद घालून त्याला परत आणावे म्हणून विनवू लागली. बिशपांनी नकार दिला. तो अजून ऐकण्याच्या स्थितीत नाही. त्याला असू द्या आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, असे त्यांनी सांगितले. त्या आईने कित्येक वर्षे अश्रू ढाळून प्रार्थना केली. इ. स. ३८७ च्या पास्काच्या रात्री मिलान येथे संत अंब्रोज ह्यांच्या हस्ते अगस्तीनचा स्नानसंस्कार झाला. त्याच वर्षी मोनिका देवाघरी गेली. मुलगा पुढे बिशप होईल, ख्रिस्तसभेचा महान गुरू होईल, हे तिने पाहिले नाही. तिने पेरले आणि थांबली.

फूल वेगळे असेल

बियांच्या चाफ्याला फूल यायला साधारण तीन वर्षे लागतात, कधी त्याहूनही जास्त. आणि ते फूल आईझाडासारखेच येईल, ह्याची खात्री कोणी देत नाही. रंगात गुलाबी झाक असेल, पाकळी रुंद असेल, वास निराळा असेल. काहींना हा तोटा वाटतो. पण रोपवाटिकेत आज जे नाना रंगांचे चाफे दिसतात, त्यांतील बहुतेक असेच कोणीतरी धीराने बी रुजवल्यामुळे मिळालेले आहेत. फांदी जुने फूल टिकवते. बी नवे फूल देते. देवाला दोन्ही हवी आहेत.

तुमच्या मुलांची श्रद्धा तुमच्यासारखी दिसणार नाही. तुम्ही नोव्हेना चुकवली नाही. ती कदाचित बायबल गटात रमतील. तुम्ही देवळाच्या बांधकामाला श्रमदान केले. ती आदिवासी पाड्यावर मुलांना शिकवायला जातील. रंग निराळा असला, तरी झाड चाफ्याचेच आहे, ख्रिस्ताचेच आहे.

ह्या झाडाचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया. ते फादर शार्ल प्लुमिए ह्या फ्रेंच धर्मगुरूंच्या स्मरणार्थ दिलेले आहे. १६४६ साली जन्मलेले हे संत फ्रान्सिस ऑफ पाओला ह्यांच्या मिनिम संघाचे संन्यासी होते. कॅरिबियन बेटांवर तीनदा जाऊन त्यांनी हजारो वनस्पतींची चित्रे काढली. नव्या वनस्पतींना त्यांनी इतरांची नावे दिली. मॅग्नोलिया, बिगोनिया, फुक्सिया ही त्यांचीच देणगी. १७०४ साली चौथ्या प्रवासाला निघालेले असताना स्पेनच्या बंदराजवळ त्यांना मरण आले. त्यांचे पुष्कळसे काम तेव्हा छापलेलेही नव्हते. आज जगभर चाफा त्यांचे नाव घेऊन फुलतो. पेरणाऱ्याला कापणी पाहायला मिळतेच असे नाही. पण देवाच्या शेतात पेरलेले वाया जात नाही.

प्रिय बंधू-भगिनींनो, दाखल्यातला शेतकरी रात्री झोपतो, हे विसरू नका. त्याची झोप म्हणजे आळस नव्हे, तो विश्वास आहे. ज्या आईबापांची झोप मुलांच्या काळजीने उडाली आहे, त्यांना प्रभू आज सांगत आहे की, तुझे काम तू केलेस; आता रात्रपाळी माझी आहे.

ह्या आठवड्यात आपण तीन गोष्टी करूया. दूर असलेल्या मुलाला फोन केला, तर मिस्साला गेलास का, हे विचारण्यापूर्वी तू कसा आहेस, हे विचारूया. घरी असलेल्या मुलांच्या कपाळावर झोपण्यापूर्वी क्रुसाची खूण करूया. ती मोठी झाली असली तरीही. आणि जपमाळेचे एक दशक त्यांचे नाव घेऊन, पण तक्रार न करता, पवित्र मरियेच्या हाती देऊया. मग दिवा मालवून शांत झोपूया. आमेन.

विश्वासू लोकांच्या प्रार्थना

प्रतिसाद : हे प्रभो, आमची प्रार्थना ऐकून घे.

१. आपले परमगुरुस्वामी, बिशप, धर्मगुरू व धर्मभगिनी ह्यांनी धीराने देवशब्दाचे बी पेरावे आणि वाढ देवावर सोपवावी म्हणून आपण प्रार्थना करूया.

२. मुलांच्या श्रद्धेविषयी चिंतातुर असलेल्या आईवडिलांना संत मोनिकेसारखी चिकाटी व मनाची शांती लाभावी म्हणून आपण प्रार्थना करूया.

३. शिक्षण व नोकरीनिमित्त घरापासून दूर असलेल्या आणि मनात शंका असलेल्या तरुण-तरुणींना ख्रिस्ताचा स्पर्श व्हावा म्हणून आपण प्रार्थना करूया.

४. यंदा वेळेवर व पुरेसा पाऊस पडावा आणि आपल्या वाड्यांत, शेतांत भरघोस पीक यावे म्हणून आपण प्रार्थना करूया.

५. ज्यांनी आपल्यात श्रद्धा पेरली आणि आज जे चाफ्याच्या सावलीत दफनभूमीत विसावले आहेत, त्या सर्वांना चिरंतन शांती लाभावी म्हणून आपण प्रार्थना करूया.